छपरानुसार जलरोधक लेप कसा निवडावा

जलरोधक लेप उन्हाळ्यात लावला जातो, पण त्याची निवड पावसाळ्यातच सुरू करावी लागते. जोराची सर येऊन गेल्यावर तास-दोन तासांनी गच्चीवर जावे, पाणी कुठे कुठे साचून राहिले आहे ते पाहावे आणि त्या जागांची छायाचित्रे काढून ठेवावीत. त्याच दिवशी खालच्या खोल्यांतील छतावरचे डागही टिपावेत. एप्रिलमध्ये कंत्राटदार येतो तेव्हा सगळी गच्ची सारखीच कोरडी दिसते आणि मग अंदाजाने काम होते. शिवाय खाली डाग दिसतो त्याच्या बरोबर वरच भेग असते असे नाही. कोब्याच्या खाली शिरलेले पाणी स्लॅबवरून वाट काढत कित्येक फूट लांब जाते आणि जिथे स्लॅब पोकळ असेल तिथे ठिबकते.

आपल्याकडे शहरांत सर्वाधिक आढळते ती सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबची गच्ची, म्हणून तिच्याविषयी आधी आणि सविस्तर लिहितो. गच्चीला पन्हळीच्या दिशेने किमान १०० ला १, म्हणजे १० फुटांत सव्वा इंचाच्या आसपास उतार हवा. हा उतार नसेल तर कितीही महागडा लेप त्याची उणीव भरून काढू शकत नाही, आणि असे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. उतार देण्यासाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा करण्याची आपल्याकडची पद्धत चांगलीच आहे. मात्र जुना कोबा न काढता त्यावर नवा कोबा चढवणे टाळावे. सरासरी ४ इंच जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरते, म्हणजे १००० चौरस फुटांच्या गच्चीवर जवळपास १८ टनांचा वाढीव भार पडतो. चाळीस वर्षांच्या इमारतीवर हा भार टाकण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यायलाच हवा.

उतार ठीक असल्यास पुढे तीन नाजूक जागा तपासाव्यात: गच्ची आणि कठडा यांचा सांधा, पन्हळीचे तोंड, आणि पाण्याच्या टाकीचे किंवा सौर बंबाचे पाय जिथे रोवले आहेत तो भाग. बहुतेक गळती इथूनच होते. कठड्याच्या कोपऱ्यात गवंड्याकडून गोल वाटा मारून घ्यावा, म्हणजे कोपरा मसाल्याने गोलसर भरून घ्यावा, कारण काटकोनात लावलेला लेप तिथेच प्रथम फाटतो. न हलणाऱ्या बारीक भेगा पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरता येतात. परंतु ऊन-थंडीने उघडझाप होणारी भेग इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात खोदून तीत पॉलियुरेथेनचे लवचीक सीलंटच भरावे आणि वरून जाळीची पट्टी देऊन मगच लेप लावावा.

आता लेपाची निवड. सिमेंट आणि पॉलिमर द्रव अशा दोन भागांत येणारा लेप काँक्रीटला घट्ट धरतो आणि ओलसर पृष्ठभागावर लावता येतो, पण तो उघड्यावर राहण्यासाठी नाही. त्यावर कोबा किंवा फरशी येणार असेल तर तो उत्तम. उघड्या गच्चीवर, जिथे उतार चांगला आहे आणि वर्दळ कपडे वाळत घालण्यापुरतीच आहे, तिथे पांढरा लवचीक अॅक्रिलिक लेप पुरेसा ठरतो. तो ऊन परावर्तित करत असल्याने वरच्या मजल्यावरची उष्णताही थोडी कमी होते. मात्र पाणी दिवसेंदिवस साचत असेल तर अॅक्रिलिक मऊ पडतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. अशा ठिकाणी पॉलियुरेथेन अधिक टिकते. ते घेताना ऊन सोसणारा प्रकार आहे का हे विचारावे, कारण स्वस्त प्रकार उन्हाने पिवळा पडून भुकटल्यासारखा होतो आणि त्यावर संरक्षक थर द्यावाच लागतो. ज्यांना गच्चीवर बाग करायची आहे त्यांनी पॉलियुरेथेनवर सिमेंटचा संरक्षक थर घेऊन मगच कुंड्या मांडाव्यात; खुरप्याचा एक घाव लेप फाडायला पुरतो. सिलिकोनचा लेप साचलेले पाणी चांगले सोसतो, पण पुढे त्यावर सिलिकोनखेरीज दुसरे काही चिकटत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. डांबराची चादर मोठ्या आणि मोकळ्या गच्चीला योग्य आहे. ती उघडी ठेवायची असेल तर खनिज कणांचा पृष्ठभाग असलेलीच घ्यावी, कारण साध्या डांबराला ऊन सोसत नाही.

सिमेंटच्या मिश्रणात घालायचे जलरोधक द्रव किंवा भुकटी हे कोटिंग नव्हे. भारतीय मानक २६४५ ज्या पदार्थांसाठी आहे ते मसाल्यात किंवा काँक्रीटमध्ये मिसळायचे असतात. पाण्यात कालवून ते ब्रशने गच्चीवर फासण्याचा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. त्याने एकही भेग बुजत नाही.

लेपाच्या नावापेक्षा त्याच्या जाडीकडे ग्राहकाचे लक्ष कमी असते आणि सर्वाधिक फसवणूक तिथेच होते. हिशेब सोपा आहे. १ लिटर द्रव १ चौरस मीटर जागेवर सारखा पसरला तर ओला थर बरोबर १ मिलिमीटरचा होतो. डब्यातला निम्मा भाग पाणी असेल तर वाळल्यावर अर्धा मिलिमीटर उरतो. १००० चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर; तिथे १ मिलिमीटरचा कोरडा थर हवा असेल तर साधारण १८६ लिटर, म्हणजे २० लिटरच्या नऊ बादल्यांहून जास्त माल लागेल. एवढ्या गच्चीसाठी कोणी एकच बादली आणून 'दोन हात देतो' म्हणत असेल तर वाळलेला थर एक दशांश मिलिमीटरच उरेल, आणि त्याला रंगच म्हणावे लागेल. म्हणून दर चौरस फुटाच्या भावाबरोबर वाळलेल्या थराची जाडी आणि लागणाऱ्या बादल्यांची संख्या करारात लिहून घ्यावी आणि रिकाम्या बादल्या मोजूनच पैसे द्यावेत. वाळल्यावर उरणाऱ्या घनभागाचे प्रमाण आणि शिफारस केलेली जाडी उत्पादनाच्या तांत्रिक माहितीपत्रकात दिलेली असते. ते मागून घ्यावे.

अॅक्रिलिक आणि पॉलियुरेथेन यांना पृष्ठभाग आतूनही कोरडा लागतो. १८ इंच लांबी-रुंदीचे प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर गच्चीवर ठेवावे. सकाळी त्याच्या खाली दव धरलेले किंवा काँक्रीट काळपट झालेले दिसले तर काम थांबवावे, नाहीतर अडकलेली वाफ पुढे लेपाला फुगे आणते. मार्च ते मेचा मध्य हा काळ चांगला, मात्र मेच्या भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर लेप लावू नये, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर लावावा. लेप पूर्ण मुरल्यावर पन्हळी बंद करून २ इंच पाणी ४८ तास साठवून चाचणी घ्यावी आणि अंतिम हप्ता तिच्यानंतरच द्यावा. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सामायिक गच्चीची दुरुस्ती ही संस्थेची जबाबदारी असते. वरच्या मजल्यावरच्या सभासदाने एकट्याने हा खर्च सोसू नये.

पत्र्याच्या छपराचे गणित वेगळे आहे, कारण पत्रा हलतो. २० फुटांचा लोखंडी पत्रा पहाटेच्या २० अंशांवरून दुपारी ६५ अंशांपर्यंत तापला तर तो ३ मिलिमीटरहून अधिक लांबतो, म्हणून ताठर सिमेंटी लेप तिथे काही महिन्यांतच तडकतो. पत्रा गळतो तो मुख्यतः स्क्रूच्या भोकांतून आणि सांध्यांतून. कडक झालेले रबरी वायसर बदलावेत, सांध्यांत ब्युटाइलची चिकटपट्टी घालावी, गंज तारेच्या ब्रशने काढून झिंक फॉस्फेटचा प्रायमर द्यावा आणि मगच लवचीक लेप द्यावा. नव्या जस्ती पत्र्यावर साधा ऑइलपेंट टिकत नाही, जस्तासाठीचा वेगळा प्रायमर लागतो. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकोन पत्र्यावर वापरू नये. त्यातले आम्ल जस्त खाते. सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, ते कोरडे खरवडू नयेत, कारण त्यांचे तंतू फुप्फुसांना घातक आहेत. शेवाळ ओल्यानेच हलकेच पुसून अॅक्रिलिक लेप द्यावा. अशा पत्र्यावर थेट पाय तर कधीही ठेवू नये. पत्र्याखालच्या आडव्या तुळयांवर टेकेल अशी फळी टाकूनच चढावे, पत्रा फुटून माणसे खाली पडतात.

कौलांवर मात्र लेपाचा पडदा चढवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यापासून कोकण-गोव्यात पसरलेले हे कौल हवा खेळती राहते म्हणूनच टिकते. वरून रंगासारखा थर दिला की सांधे बुजतात, आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि वासे-रिपा कुजतात. एप्रिल-मेमध्ये कौले परतावीत, फुटकी बदलावीत, आढ्यावरचा चुना नीट करावा. कौलेच पाणी पीत असतील तर श्वास घेऊ देणारे सिलेन-सिलोक्झेनचे पारदर्शक द्रव चालते, पण तेही भेग बुजवत नाही. छपराचा उतार २५-३० अंशांहून कमी असेल तर वाऱ्याने पाणी उलटे शिरते. तिथे कौलांखाली पत्रा टाकणे हाच उपाय आहे.

मराठवाड्यातल्या माळवदाला, म्हणजे लाकडावर मातीचे थर दिलेल्या सपाट छपराला, तर कोणताच लेप चालत नाही. गळती थांबवण्यासाठी दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकण्याची रीत जुनी आहे, पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडी भिंतींवरची हीच जड छपरे माणसांवर कोसळली. माती वाढवण्याऐवजी जुने थर उतरवून, खाली जाड प्लास्टिकची चादर अंथरून वर पातळसाच मातीचा थर ठेवावा. पाणी अडते आणि छपराचे वजनही उतरते.