शेतीकामात नवी माणसं आणायची तर भागीदारी कशी बांधावी

मजूर मिळत नाहीत अशी ओरड असते, त्याच भागात काम शोधणाऱ्या स्त्रिया, अपंग व्यक्ती, शाळा सुटलेले तरुण आणि स्थलांतरित कुटुंबंही असतात. कामाचा निरोप मुकादमामार्फत फिरतो आणि तो ओळखीतलीच माणसं आणतो. म्हणून ही गाठ पडत नाही.

कोणत्याही संस्थेकडे जाण्याआधी बारा महिन्यांचा तक्ता करा: कोणतं काम, किती माणसं, किती दिवस, किती मजुरी. मग एकेका कामाची फोड करा. फवारणी म्हणजे औषध मोजणं, पंप वाहणं, नोझल धुणं आणि नोंद ठेवणं. पाठीवरचा 16 लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या घरात जातो. तो न पेलणारा माणूस चाकांचा पंप दिला तर तेच काम करू शकतो. ही फोड केली नाही तर ‘हे काम त्यांना जमणार नाही’ असा शेरा न तपासताच मारला जातो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना मात्र औषधांपासून दूरच ठेवा. धोक्याच्या कामासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2001 च्या 184 क्रमांकाच्या करारात किमान वय 18 आहे.

भागीदार तीन प्रकारचे लागतात: काम देणारे, शिकवणारे आणि काम शोधणाऱ्या लोकांचा विश्वास असलेली स्थानिक संस्था. ही तिसरी संस्था बहुतेकदा सगळं ठरल्यावर बोलावली जाते. तिथेच घोटाळा होतो, कारण कामाची वेळ, भाषा, मुलांची सोय यांतल्या अडचणी तिलाच ठाऊक असतात. तिला पहिल्या बैठकीला बोलवा आणि तिच्या श्रमाचे पैसे द्या. एका शेताकडे चाळीस दिवसांचंच काम असेल, तर वेगवेगळ्या हंगामांची चार-पाच शेतं जोडून सलग काम तयार करा.

करार दोन पानांत बसावा. किती जागा, कोणत्या तारखेपासून, शिकण्याच्या दिवसांची मजुरी कोण देणार, ने-आण आणि पाळणाघराचा खर्च कुणाचा, हे त्यात हवं. भरतीसाठी कामगाराकडून एक पैसाही घेतला जाणार नाही, हे स्पष्ट लिहा. तक्रारीची वाट देखरेख करणाऱ्याला वगळून जावी. प्रत्येक संस्थेची दोन नावं लिहा, कारण एकच माणूस सगळं सांभाळत असेल आणि तो गेला, तर भागीदारी तिथेच थांबते.

प्रशिक्षण हंगामाच्या तीन-चार आठवडे आधी, दहा-बारा जणांच्या तुकडीत, शेतातच घ्या. फार आधी घेतलं तर काम सुरू होईपर्यंत माणसं दुसरीकडे गेलेली असतात. औषधाचं लेबल वाचता न येणाऱ्यांना चित्रं दाखवा आणि प्रत्यक्ष करून घ्या. हातमोजे लहान मापाचेही आणा. सैल मोज्यात औषध शिरतं.

पहिले पंधरा दिवस सर्वांत नाजूक. नव्या गटातल्या एकट्या माणसाला जुन्या टोळीत टाकू नका, निदान दोघांना सोबत ठेवा. शौचालय आणि पिण्याचं पाणी कामाच्या जवळच हवं. शौचालय लांब असलं की स्त्रिया पाणी पिणं टाळतात आणि उन्हाचा त्रास वाढतो. तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी स्थानिक संस्थेनं प्रत्येकाशी बोलावं, मालकासमोर नव्हे.

किती आले यापेक्षा तीस दिवसांनी आणि हंगामाअखेर किती टिकले, हे गटवार मोजा. सोडून गेलेल्यांना कारण विचारा. टिकलेल्यांपैकी ट्रॅक्टर, छाटणी किंवा टोळीप्रमुखाच्या कामाचं शिक्षण किती जणांना मिळणार, हा आकडा पहिल्याच करारात घाला; नाहीतर नवी माणसं वर्षानुवर्षं खुरपणीवरच राहतात.