फाइल अपलोडचं विजेट बनवताय? तीच फाइल दुसऱ्यांदा निवडून बघा

ब्राउझरचं मूळ फाइल निवडायचं बटण कुणालाच आवडत नाही, म्हणून प्रत्येक डिझाइनमध्ये त्याजागी ठिपक्यांची चौकट आणि ढगाचं चित्र येतं. ते खुशाल करा. फक्त मूळ इनपुट, म्हणजे ते बटण, कोडमधून काढून टाकू नका. फाइलची खिडकी उघडणं, मोबाइलवर कॅमेरा आणि गॅलरीचा पर्याय देणं, कीबोर्डवर चालणं ही सगळी कामं ते फुकट करतं.

ते लपवायचं कसं, यावर सर्रास सीएसएसमध्ये ‘डिस्प्ले नन’ (घटक पानावरून पूर्ण गायब करणारा नियम) लिहायचा सल्ला मिळतो. तो चुकीचा आहे. तसं केलं की टॅब दाबत येणाऱ्या माणसाला तुमचं विजेट सापडतच नाही. इनपुट एका पिक्सेलएवढं करून कापा, शेजारी लेबल ठेवा, लेबलच्या ‘फॉर’ गुणधर्माने दोघांना जोडा आणि इनपुटवर फोकस आला की लेबलभोवती ठळक कडा दिसू द्या.

आता ज्यापायी माझे दोन दिवस गेले ती गोष्ट. एका प्रवेश अर्जात फोटोची मर्यादा ५० केबी होती. मदतकक्षात एक मुलगी माझ्यासमोर अर्ज भरत होती. तिने फोटो निवडला, खाली लाल ओळ आली: ‘फोटो ५० केबीपेक्षा मोठा आहे.’ तिने तिथेच फोटो लहान केला, त्याच नावाने सेव्ह केला, पुन्हा निवडला. लाल ओळ तशीच. आणखी लहान केला, पुन्हा तेच. चौथ्या वेळी फोटो १२ केबीचा होता, चेहरा ओळखू येईना, आणि ती मला विचारत होती, “सर, माझं काय चुकतंय?”

तिचं काहीच चुकत नव्हतं. मी सर्व्हरचे लॉग चाळत बसलो, पण त्यात काही सापडणार नव्हतं, कारण माझा कोड दुसऱ्यांदा चाललाच नव्हता. क्रोममध्ये तीच फाइल, म्हणजे त्याच फोल्डरमधली त्याच नावाची फाइल, पुन्हा निवडली की इनपुटच्या लेखी निवड बदललेली नसते. आतला मजकूर बदलला असला तरी ‘चेंज’ इव्हेंट, म्हणजे निवड बदलल्याची ब्राउझरची सूचना, येत नाही. पडद्यावर दिसत होती ती पहिल्याच फोटोची जुनी ओळ.

उपाय दोन ओळींचा आहे, पण क्रम चुकवू नका. ‘चेंज’ आला की आधी ‘अ‍ॅरे डॉट फ्रॉम’ने फाइली स्वतःच्या यादीत म्हणजेच अ‍ॅरेत उतरवून घ्या, मग इनपुटची ‘व्हॅल्यू’ कोरी करा. आधी कोरी केलीत तर हाती रिकामी यादी येईल. इनपुटच्या ‘फाइल्स’ यादीचा नुसता संदर्भ व्हेरिएबलमध्ये धरून ठेवण्यावरही विसंबू नका, प्रत करा.

याचा एक परिणाम लक्षात ठेवा. इनपुट आता कायम रिकामं असणार, त्यामुळे त्यावर ‘रिक्वायर्ड’ (भरणं सक्तीचं) लावलेलं असेल तर फाइल निवडूनही ब्राउझर फॉर्म अडवेल. ती तपासणी तुमच्या अ‍ॅरेवर करा आणि पाठवताना ‘फॉर्मडेटा’त, म्हणजे सर्व्हरला जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्यात, त्यातल्याच फाइली घाला. पडद्यावरची यादीही त्याच अ‍ॅरेतून काढा. अर्ध्या फाइली इनपुटमध्ये, अर्ध्या यादीत असा कारभार केला की काढून टाकलेली फाइल हमखास अपलोड होते. दर वेळी जुनं इनपुट फेकून नवं बसवायची युक्तीही लोक सांगतात. ती वापरू नका, तिने फोकस हरवतो आणि स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारा माणूस मध्येच अडकतो.

ओढून टाकण्याची सोय करताना ‘ड्रॉप’ आणि ‘ड्रॅगओव्हर’ या दोन्ही इव्हेंट्सवर ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ (ब्राउझरची नेहमीची कृती रोखणं) हवं, तेही पूर्ण खिडकीवर. नाहीतर चौकटीबाहेर हात सुटला की ब्राउझर ती फाइलच उघडून बसतो आणि भरत आणलेला अर्ज जातो. फाइल चौकटीवरून नेताना रंग लुकलुकत असेल, तर आतल्या घटकांवरून जाताना येणारे ‘ड्रॅगलीव्ह’ (फाइल बाहेर गेल्याचे) इव्हेंट त्याला कारण आहेत. ओढणं चालू असेपर्यंत सीएसएसने त्या आतल्या घटकांचे ‘पॉइंटर इव्हेंट्स’ (माउसला प्रतिसाद) बंद ठेवा. ‘अ‍ॅक्सेप्ट’ची गाळणी (इनपुटला कोणत्या प्रकारच्या फाइली चालतील ते) अशा टाकलेल्या फाइलींना लागत नाही, म्हणून प्रकार आणि आकार स्वतः तपासा. सर्व्हरवर पुन्हा तपासा, तेही फाइलीचे सुरुवातीचे बाइट्स वाचून. नाव कुणीही बदलतं.

प्रगतीची पट्टी हवी असेल तर सर्व्हरला विनंती पाठवायला नुसतं ‘फेच’ पुरत नाही, त्याऐवजी जुन्या ‘एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट’च्या ‘अपलोड’वर ‘प्रोग्रेस’ ऐका. विनंतीचं ‘कंटेंट-टाइप’ हेडर हाताने लिहू नका, त्यातली ‘बाउंड्री’ (भाग वेगळे करणारी खूण) ब्राउझरलाच भरू द्या. आणि पट्टी १००% झाली की लगेच हिरवी खूण दाखवू नका. त्याचा अर्थ बाइट्स ब्राउझरमधून निघाले इतकाच आहे, सर्व्हरने फाइल ठेवून घेतली असा नाही. उत्तर येईपर्यंत ‘तपासत आहे’ लिहा. तिथे ४१३ (‘पाठवलेलं फार मोठं आहे’ हा एरर कोड) आला तर आधी सर्व्हरची सेटिंग बघा: एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मुळात १ एमबीच्या वर काही घेत नाही. सर्व्हरवरचा कोड पीएचपी भाषेत असेल तर तिच्यात एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी असते, तीही बघून घ्या. सर्व्हर जी मर्यादा पाळतो तोच आकडा चौकटीखाली आधीच लिहा, म्हणजे फोटो किती लहान करायचा हे माणसाला फाइल निवडण्यापूर्वीच कळेल.