उतरताना मोडलेल्या विमानाचा कागद कसा शोधावा

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात फिटर, म्हणजे विमानांचे मेकॅनिक होते. १९४४ साली ते इंफाळला होते. तिथे हरिकेन जातीचं एक ब्रिटिश लढाऊ विमान उतरताना चाकं चिखलात रुतून उलटलं. आत वैमानिक साहेब डोकं खाली, पाय वर असा लटकला होता आणि पट्ट्याची खीळ निघेना, म्हणून आबांनी पट्टा सुऱ्यानं कापला. माझा चुलतभाऊ ठासून सांगायचा की ते विमान जपान्यांनी पाडलं होतं. आबा म्हणायचे, "नाही रे, उतरताना गेलं."

भूमी अभिलेख खात्यात माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर या अपघाताचा सरकारी कागद शोधायचाच असं ठरवलं आणि दोन वर्षांनी तो मिळाला. घरात अशी गोष्ट असेल, तर ही वाट तुमच्याही कामाची आहे.

पहिली अडचण अशी की अशा अपघातात बहुधा कोणी दगावत नाही, म्हणून तो मृतांच्या याद्यांत सापडत नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या यादीत माणूस गेला असेल तरच नाव येतं. तसं असेल तर मात्र सुरुवात तिथूनच करा. नाहीतर माणसाच्या मागे न लागता विमानाच्या मागे लागा. सातबारा काढायला जसा गट नंबर लागतो, तसा इथे विमानाचा सिरियल नंबर लागतो.

त्याआधी ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी लिहून काढा आणि प्रत्येक वाक्यापुढे ते कोणी सांगितलं ते टाका. आमच्याकडे तारीख कोणालाच आठवत नव्हती. पण आबा म्हणायचे, "रस्ता बंद होता, रेशन अर्ध्यावर आलं होतं, पाऊस लागला होता." इंफाळ-कोहिमा रस्ता जपान्यांनी १९४४च्या मार्चअखेरीस तोडला आणि २२ जूनला तो पुन्हा खुला झाला. म्हणजे एवढ्या मुदतीतलीच गोष्ट, त्यातही पावसाची. आजी सांगायची की अपघातानंतरचं आबांचं पत्र बेंदराच्या दिवशी आलं. आमच्याकडे बेंदूर आषाढी पौर्णिमेच्या सुमाराला. जुन्या पंचांगात पाहिलं तर त्या वर्षी ती पौर्णिमा जुलैच्या पहिल्या आठवड्यात होती. सेन्सॉर होऊन साताऱ्याकडे पत्र यायला लागलेले दिवस वजा केले की मे-जून एवढेच महिने उरले. सणवार, पेरणी, कोणाचं बारसं, कोणाचं लग्न, यांतून तारीख अशी आवळत आणता येते. हे काम घाईनं उरकू नका. पुढे शंभर पानं चाळायची की हजार, हे इथेच ठरतं.

मग फोटो. आमच्याकडे काडेपेटीपेक्षा जरासा मोठा एकच फोटो होता. पाच जण त्या विमानाला टेकून उभे. भिंगाखाली धरला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. विमानावरच्या गोल खुणेचा मधला भाग फिकट होता. ब्रिटिश खुणेत मध्ये लाल असतो, पण जपानी लाल गोळ्याशी गफलत होऊ नये म्हणून या आघाडीवर १९४३पासून तो काढून टाकला होता. म्हणजे फोटो त्यानंतरचा. दुसरं, शेपटीच्या अलीकडे सिरियल नंबर होता. ब्रिटिश विमानाला त्या काळी बहुधा दोन अक्षरं आणि तीन आकडे असत. आमच्या फोटोत शेवटचा आकडा एका माणसाच्या खांद्याआड गेला होता. फोटो अल्बमला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका. तसाच ठेवून जास्त रिझोल्यूशनवर स्कॅन करा.

आता दप्तर. लंडनच्या क्यू भागात ब्रिटनचं नॅशनल आर्काइव्ह्ज आहे. तिथल्या 'एआयआर २७' मालिकेत स्क्वाड्रनच्या, म्हणजे विमानांच्या तुकड्यांच्या, नोंदवह्या आहेत, 'एआयआर २८'मध्ये विमानतळांच्या आणि 'एआयआर २९'मध्ये दुरुस्ती पथकांसारख्या इतर युनिटांच्या. 'एआयआर २७'मधलं बरंचसं घरबसल्या इंटरनेटवरून उतरवून घेता येतं. बाकीच्यासाठी माझा भाचा क्यूला गेला. वाचकाचं कार्ड फुकट मिळतं आणि स्वतःच्या कॅमेऱ्यानं पानांचे फोटो काढता येतात. त्याला मी बजावलं होतं, "आपली ओळ तेवढी नको, अख्खा महिना आण."

स्क्वाड्रन नक्की माहीत हवी. इंफाळच्या खोऱ्यात हरिकेनच्या एकाहून जास्त स्क्वाड्रन होत्या. अर्जन सिंग यांची भारतीय हवाई दलाची एक नंबर स्क्वाड्रन त्यांतलीच. नुसतं 'इंफाळ' म्हणूनही भागत नाही, कारण खोऱ्यात सहा धावपट्ट्या होत्या. इंफाळ मेन, म्हणजे कोइरेंगेई, आणि पलेल या बारमाही. वांगजिंग, सापम या कोरड्या दिवसांतल्या. आबांची स्क्वाड्रन त्यांच्या डिस्चार्जच्या कागदावर होती. ती इथे सांगत नाही, कारण वैमानिकाच्या घरच्यांची परवानगी अजून घेतलेली नाही.

नोंदवहीचे दोन भाग असतात. फॉर्म ५४० म्हणजे रोजची हकिगत. फॉर्म ५४१ म्हणजे उड्डाणांचा तक्ता: विमानाचा नंबर, वैमानिक, किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं. सगळे आधी ५४० वाचतात. मी म्हणेन ५४१ आधी वाचा. मे-जूनमध्ये त्या स्क्वाड्रननं उडवलेल्या सगळ्या विमानांचे नंबर मी वहीत उतरवले. फोटोतली दोन अक्षरं आणि पहिले दोन आकडे जुळणारं विमान त्यांत एकच निघालं. जूनमधल्या एका तारखेनंतर तो नंबर तक्त्यात पुन्हा दिसलाच नाही. त्या तारखेचं ५४० उघडलं, तर तिथे दीड ओळ होती: टेहळणीहून परतलेलं विमान उतरताना उलटलं, वैमानिकाला किरकोळ दुखापत. शत्रूचा उल्लेख कुठेच नव्हता. त्या रात्री मी चुलतभावाला फोन केला.

एका कागदावर थांबू नका. लंडनच्याच हेंडनमधल्या आरएएफ म्युझियमकडे फॉर्म ११८० ही अपघातांची कार्डं आणि फॉर्म ७८ ही विमान कुठून कुठे गेलं याची कार्डं आहेत. फॉर्म ७८ला मी फेरफारच म्हणतो. हिंदुस्थानात आलेल्या विमानांचं हे कार्ड पुष्कळदा 'इंडिया' लिहून संपतं, तेव्हा दुरुस्ती पथकाच्या डायरीकडे वळा. नुकसानीचा दर्जा अक्षरात असतो: 'ए' म्हणजे जागेवर दुरुस्त होणारं, 'बी' म्हणजे उचलून न्यावं लागणारं, 'ई' म्हणजे मोडीत. कार्बन प्रतीत ३ आणि ८, बी आणि ई सारखेच दिसतात, म्हणून दोन कागदांत जुळल्याशिवाय अक्षर पक्कं धरू नका.

कार्डावर वैमानिकाची चूक असं लिहिलेलं आढळलं तर लगेच मान डोलावू नका. त्या आठवड्याची हवा, धावपट्टीची अवस्था आणि त्या जातीच्या विमानावरचे त्याचे तास बघा. हरिकेनची चाकं एकमेकांपासून लांब, त्यामुळे उतरायला ते स्पिटफायर या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानापेक्षा सोपं. पण शेपूट जमिनीला टेकली की लांब नाकाआड समोरचं काही दिसत नाही, आणि चिखलात ब्रेक जरा जोरात लागला की शेपूट वर जाते. विशी-बाविशीतल्या पोराच्या नावावर तो शब्द मी तरी सहज ठेवणार नाही.

विमान अमेरिकेच्या हवाई दलाचं असेल, समजा डाकोटा हे मालवाहू विमान, तर दप्तर वेगळं. अपघाताचे फॉर्म १४ अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या हवाई दलाच्या इतिहास विभागात मिळतात. बेपत्ता विमानांच्या अहवालांत वेळ घालवू नका. धावपट्टीवर मोडलेलं विमान बेपत्ता नसतं. शेपटीवरच्या नंबरात सालाचा पहिला आकडा गाळलेला असतो, म्हणजे ४३ने सुरू होणारा नंबर तिथे ३ने सुरू होतो.

शेवटी सगळं दोन रकान्यांत मांडा: कागद काय सांगतो आणि घरचे काय सांगतात. आमच्या वहीत तारीख, नंबर, धावपट्टी, चिखल हे सगळं पहिल्या रकान्यात गेलं. पट्टा कोणी कापला हे एकाही कागदात नाही. तिथे फिटरची नावं सहसा लिहीत नसत. ते दुसऱ्या रकान्यात आबांच्या नावानं लिहिलंय, पेनानं.