लाइट जाण्याआधी रिस्टोअर पॉइंट

पावसाळ्यात कळवा काय नि कोपरखैरणे काय, विंडोजचं अपडेट चालू असताना लाइट गेली की कधी कधी पीसी पुन्हा सुरूच होत नाही. फॉरमॅट मारायची वेळ येऊ नये म्हणून आधीच एवढं करा. रिस्टोअर पॉइंट म्हणजे विंडोजच्या चालू स्थितीची नोंद, जिच्यावर नंतर परत जाता येतं.

१. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा. सी ड्राइव्हसमोर 'ऑफ' दिसलं (बऱ्याच मशीनवर ते बंदच असतं), तर 'कॉन्फिगर'मधून चालू करा. मग 'क्रिएट'.

२. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लावून स्टार्टमध्ये 'रिकव्हरी ड्राइव्ह' शोधा. सिस्टम फाइल्सच्या बॅकअपची टिक राहू द्या. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधीचं काढून घ्या. काम सावकाश होतं, घाई नको.

मशीन अडलं की याच पेनड्राइव्हवरून बूट करा, म्हणजे पीसी त्यावरून सुरू करा. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, सिस्टम रिस्टोअर, आणि अपडेटआधीचा पॉइंट, या क्रमाने निवडा. फोटो, वर्डच्या फाइल्स जागच्या जागी राहतात. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम मात्र पुन्हा टाकावे लागतात.

एक सांभाळा: तिथेच 'रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह' असाही पर्याय दिसतो. तो विंडोज नव्याने टाकतो आणि तुमच्या फाइल्स उडवतो. बाकी सगळे उपाय थकल्याशिवाय त्याला हात लावू नका.