भात्याच्या हाताला स्ट्राइड शिकवताना

भजनी मंडळातला पेटीवाला कीबोर्डवर बसला की उजवा हात दोन दिवसांत रुळतो. डाव्याचं मात्र काही खरं नसतं. त्याने आजवर भाताच मारलेला असतो. मग ऑटो रिदम (कीबोर्डचा आपोआप वाजणारा ठेका) लावून वेळ मारून नेतात. त्यापेक्षा या हाताला स्ट्राइड शिकवा.

स्ट्राइड हा न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला जॅझ पियानोचा बाज. सोबत ना ढोल ना बास, म्हणून डावा हातच ठेका धरतो आणि सुरांचा पायाही घालतो. जेम्स पी. जॉन्सन आणि फॅट्स वॉलर हे त्यातले मोठे वादक. त्याच वाटेवरचा डिल जोन्स वेल्समधल्या न्यूकॅसल एम्लिन या छोट्या गावात 1923 साली जन्मला, 1961 मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि 1984 मध्ये तिथेच वारला. बड जॉन्सन ज्यात सॅक्सोफोन वाजवायचा त्या जेपीजे क्वार्टेट या चौघांच्या ताफ्यात पियानो डिलचा होता. जॅझवादक बिक्स बायडरबेकच्या पियानो रचनाही त्याने ध्वनिमुद्रित केल्या आहेत, पण सुरुवात त्यांनी करू नका. त्यातली स्वरसंगती नवख्याला गोंधळात टाकते. त्याचं सरळ स्ट्राइड शोधा, मोबाइलवर वेग 0.5 करा आणि फक्त डावा हात ऐका.

आधी बैठक. मांडी घालून हे जमत नाही, कारण खालच्या पट्ट्यांकडे जाताना डावं कोपर गुडघ्याला अडतं. खुर्ची घ्या, कीबोर्ड टेबलावर ठेवा, कोपर पट्ट्यांच्या उंचीला आणा. ऑटो रिदम आणि स्प्लिट (पट्ट्यांचे दोन आवाजांत भाग पाडणारी सोय) बंद, टच रिस्पॉन्स (दाबाच्या जोरानुसार आवाज) चालू. सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलला हात, म्हणजे पाय, लावू नका. खालचे सूर एकमेकांत मिसळून नुसता गलका होतो.

सा पांढरी एक धरा. 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर सगळ्यात डावीकडची पट्टी हाच तुमचा खालचा सा. चार मात्रांचा घास असा:

पहिली मात्रा: खालचा सा, करंगळीने.
दुसरी: एक सप्तक वरचे ग-प आणि त्यावरचा सा, तिन्ही एकदम.
तिसरी: खालच्या सा-जवळचाच वरचा प. (सा-च्या खाली प-ची पट्टीच नाही, म्हणून वरचा.)
चौथी: पुन्हा ग-प-सा.

म-च्या घासात पहिल्या मात्रेला खालचा म, तिसरीला त्याच्या खालचा सा, वर म-ध-सा. प-च्या घासात खाली प आणि रे, वर म-प-नि, नि शुद्ध. वरचे तिन्ही गुच्छ एकमेकांना लागूनच असल्याने तिथे हात फारसा सरकत नाही; उडी फक्त खाली मारायची. मोठ्या पंजाचे वादक खाली एका सुराऐवजी सा आणि त्याच्या पुढच्या सप्तकातला ग एकत्र धरतात. बोट पोचत नसेल तर ते दोन सूर पाठोपाठ वाजवा, ताणू नका.

मेट्रोनोम (ठरल्या वेगाने टकटक करणारं यंत्र) 60 वर. दहा मिनिटं फक्त डावा हात, पट्ट्यांकडे न बघता. सलग 16 घास न चुकता आले तरच 5 ने वाढवा. इथे बहुतेकांचं एकच चुकतं: भजनात समेवर जोर द्यायची सवय असल्याने खालचा सूर ठोकतात आणि उडीच्या धाकाने वरचा गुच्छही ठोकतात. मग ठेका दळणाच्या चक्कीसारखा ऐकू येतो. खालचा सूर भरीव आणि थोडा लांब, वरचा गुच्छ हलका आणि लगेच सोडलेला. उडी उशिरा पोचते ती बोटांमुळे नाही, पहिली पट्टी सोडायला उशीर होतो म्हणून.

मग ब्लूज, म्हणजे 12 घासांचा ठरावीक साचा, घ्या: सा 4, म 2, सा 2, प 1, म 1, सा 2. उजव्या हाताला सा, कोमल ग, म, प, कोमल नि एवढेच सूर द्या. मात्रेचे तीन भाग कल्पून पहिला सूर दोन भागांचा, दुसरा एकाचा असं वाजवलं की स्विंग, म्हणजे झुलता ठेका, येतो. डावा मात्र सरळ चालला पाहिजे. उजव्यामागे तोही झुलायला लागला तर वेग 20 ने कमी करा. खंजिरीवाल्याला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर थाप द्यायला सांगा. मेट्रोनोमपेक्षा ते बरं.

भारनियमनात भरवसा बॅटरीवर. सेल उतरायला लागले की आधी खालचे सूर फाटतात, तेव्हा बोटांना दोष देऊ नका. आणि कापूस-सोयाबीनच्या दिवसांत कीबोर्ड धुवट सुती कापडाखाली ठेवा. प्रत्येक पट्टीखाली रबराचे दोन संपर्क असतात. दोन्ही लागण्यातल्या वेळेच्या फरकावरून कीबोर्ड जोर मोजतो. पहिल्यावर धूळ बसली की तो उशिरा लागतो, फरक कमी होतो आणि हलकी दाबलेली पट्टीही जोरात किंचाळते. असं एकाच पट्टीचं होत असेल तर खोलून तिथलं रबर कोरड्या कापडाने पुसा. तेल किंवा ग्रीस अजिबात नको.