सोलापुरात बांधकाम परवाना काढताय? शुल्क भरताना या चुका टाळा

जुळे सोलापुरात माझ्या मावसभावाने घर बांधायला काढलं, तेव्हा त्याच्या हातात वहीचं एक पान होतं. त्यावर पेनाने लिहिलेलं, ‘परवाना खर्च ८५,०००’. त्यातले महापालिकेत किती भरायचे आणि नकाशा काढणाऱ्याची फी किती, हे त्याने विचारलंच नव्हतं. पहिली चूक हीच. ठोक रक्कम कुणाच्याही हातात देऊ नका. छाननी शुल्क, विकास शुल्क, कामगार उपकर, अनामत, जादा एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं ती मर्यादा) घेतला तर अधिमूल्य म्हणजे प्रीमियम, असा प्रत्येक आकडा चलनावर वेगळा दिसतो. चलन ओळीओळीने वाचा आणि पावती मालकाच्याच नावावर घ्या.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज दीडशे मीटरचा. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीनंतर ‘१५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीच लागत नाही’ असं गल्लोगल्ली ऐकू येतं. अहो, सूट मंजुरीच्या फेऱ्यांतून आहे, शुल्कातून नाही! मालकीची कागदपत्रं, नकाशा आणि तांत्रिक तज्ज्ञाचा दाखला सादर करून शुल्क भरायचं. ती पावती हीच तुमची परवानगी. पावती नसेल तर बांधकाम अनधिकृतच.

आता विकास शुल्क. ते रेडी रेकनरमधल्या (म्हणजे सरकारने ठरवलेल्या भागवार दरांच्या तक्त्यातल्या) जमिनीच्या दरावर ठरतं. निवासी वापराला जमिनीसाठी अर्धा टक्का आणि बांधकामासाठी २ टक्के, व्यापारी वापराला १ आणि ४ टक्के. समजा जमिनीचा दर चौरस मीटरला ६,००० रुपये आहे, प्लॉट १४० मीटर आणि बांधकाम १२० मीटर. जमिनीचे ४,२००, बांधकामाचे १४,४०० रुपये. खाली २० मीटरचं दुकान असेल तर बांधकामाचे होतात १६,८००. हे २,४०० रुपये वाचवायला लोक दुकानाच्या जागी नकाशात ‘पार्किंग’ लिहितात. शटर बसतं, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिका देते तो दाखला) अडतं, आणि मग दंडासह सुधारित नकाशा. माझी कळकळीची विनंती आहे, दुकान काढायचं असेल तर दुकानच दाखवा.

हिशेब करताना प्लॉटचा विभाग नीट बघा. चौक ओलांडला की रेडी रेकनरचा दर बदलू शकतो. नवे दर १ एप्रिलपासून लागू होतात, म्हणून मार्चमध्ये आलेलं चलन कपाटात ठेवू नका.

१९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या शेळगी, बाळे, मजरेवाडी अशा भागांत गुंठेवारीचे, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेले प्लॉट पुष्कळ. तिथे आधी जागा नियमित करावी लागते आणि त्याचं प्रशमन (तडजोड) शुल्क व विकास आकार वेगळा. तो खर्च खरेदीच्या वेळीच धरा.

कामगार उपकर बांधकाम खर्चाच्या १ टक्का असतो. स्वतःच्या राहत्या घराला ठरावीक खर्चापर्यंत सूट मिळते, ती अर्ज करतानाच मागा.

आणि परवान्याची तारीख. मुदत वर्षाची. काम सुरू झालं नसेल तर मुदत संपायच्या आत नूतनीकरण करा. भावाचं पैशांअभावी चौदा महिने राहिलं, सगळं पुन्हा करावं लागलं. आता त्याच्या फाइलच्या पहिल्याच पानावर प्रत्येक पावतीची झेरॉक्स आहे, आणि वर लाल पेनाने मुदतीची तारीख.