ट्रकच्या गॅरेजात शिकायला लागलात? या चुका टाळा

आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन आलेल्या पोराला पहिल्या महिन्यात एकच घाई असते, उस्तादाने हातात पाना द्यावा. पाना मिळतोही. इंजिन खोलणं, गिअरबॉक्स उतरवणं ही कामं चार जणांच्या नजरेसमोर होतात, म्हणून तिथं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते गाडीखाली शिरण्याआधीच्या पाच मिनिटांत, नाहीतर 'झालं, घ्या गाडी' म्हणायच्या घाईत.

गाडीखाली शिरण्याआधी

बॉटल जॅकवर गाडी उचलली की थेट खाली शिरू नका. जॅकचं सील जाताना सांगून जात नाही. एक्सलखाली घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावा, जमीन मातीची असेल तर घोडीखाली जाड फळी टाका. हे सगळे सांगतात. फारसं कुणी सांगत नाही ते पुढचं. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकचा हँडब्रेक मागच्या चाकांवरच लागतो. मागचा एक्सल उचलला की ती चाकं जमिनीवर नाहीत, आणि गाडीला ब्रेकही नाही. नवा पोरगा हँडब्रेक ओढलाय म्हणून निर्धास्त असतो आणि गाडी पुढच्या चाकांवर सरकते. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही.

याच हँडब्रेकबद्दल आणखी एक गैरसमज असतो, ब्रेकच्या हवेच्या टाकीत हवा नाही म्हणजे ब्रेक सुटलेला. उलट आहे. मागच्या ब्रेक चेंबरमध्ये जबरदस्त ताकदीची स्प्रिंग असते. हवा तिला दाबून ठेवते, हवा गेली की स्प्रिंग ब्रेक लावते. या चेंबरचा स्प्रिंगच्या बाजूचा क्लॅम्प शिकाऊ माणसाने कधीही खोलू नये. डायफ्रॅम बदलायचा असला तरी आधी बोल्ट घालून स्प्रिंग आवळून बांधावी लागते, आणि ते उस्ताद शेजारी उभा असतानाच करायचं. अर्धवट कळून क्लॅम्प उघडला तर स्प्रिंग माणसाचा जीव घेते.

हायवाची (माती-खडी ओतणाऱ्या डंपरची) बॉडी वर असेल तर तिला आधाराचा दांडा लावल्याशिवाय चेसिसमध्ये डोकं घालू नका, 'दोनच मिनिटांचं काम' असलं तरी. बॉडी खाली यायला तेलाचा एक होज पाइप फुटणं पुरेसं असतं. केबिन पुढे झुकवण्याआधी गिअर न्यूट्रल आहे का बघा, आत काय काय पडलंय तेही बघा. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये स्टोव्हपासून टॉमीपर्यंत (चाकाचे नट खोलायचा दांडा) अख्खा संसार असतो आणि तो सगळा एकदम काचेवर येतो. त्या काचेचे पैसे कुणी भरायचे यावर मग अर्धा दिवस भांडण.

जुनी सवय, नवी गाडी

जुन्या पंपाच्या गाडीच्या डिझेल पाइपात हवा शिरली की आपले उस्ताद इंजेक्टरचा पाइप सैल करायचे, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारून हवा काढायचे. ते पाहून तुम्ही कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या गाडीवर तसं करायला गेलात तर आयुष्यभराची अद्दल घडेल. तिथं दाब हजार बारच्याही खूप वर जातो. बारीक पिचकारी हातमोज्यातून कातडीत शिरते. बाहेरून सुई टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं. हळद लावून घरी जायचं नाही. त्याच तासाला हॉस्पिटल, आणि डॉक्टरला 'दाबाखालचं डिझेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगायचं. बोट वाचतं ते अशाने.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराचे कडक नियम) आलं आणि बहुतेक मोठ्या गाड्यांवर डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची टाकी आली. त्यात ३२.५ टक्के युरियाचं द्रावण असतं. ते चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर चावी फिरवायचीच नाही. सेल्फ मारला नसेल तर टाकी रिकामी करून धुण्यावर भागतं, मारला तर पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं धोक्यात. नरसाळं दोघांचं वेगळं ठेवा. आणि चूक तुमची असेल तर लगेच बोला. ओरडा बसेल, पण गाडी चालू होण्याआधी बसलेला बरा.

चेसिसवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरी काढायची आणि कंपनीच्या पुस्तकात सांगितलेले ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचे) कनेक्टरही. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायचा.

सेल्फ गेला म्हणण्याआधी

माझ्या हाताखालच्या एका पोराने एकदा गाडीखाली आडवं पडून, दोन तास खपून सेल्फ उतरवला, इलेक्ट्रिशियनकडे नेला. तिथं टेबलावर सेल्फ मस्त फिरला. गाडीत दोष होता तो चेसिस आणि गिअरबॉक्समधल्या अर्थच्या पट्टीचा. नट सैल, खाली गंज.

म्हणून क्रम धरा. आधी बॅटऱ्या. २४ व्होल्टच्या गाडीत १२-१२ च्या दोन असतात, दोन्ही वेगवेगळ्या मोजा. चार्ज असलेली साधारण १२.६ दाखवते. एक धड आणि एक पडलेली दिसली तर ड्रायव्हरने टेप किंवा पंखा एकाच बॅटरीवरून घेतलाय का बघा. नव्या बॅटऱ्या घातल्या तरी ती जोडणी तशीच राहिली तर पुन्हा तेच होणार. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं तर दोष अर्थमध्ये आहे. एवढं करायला पाच मिनिटं लागतात.

हवेची गळती नुसत्या कानाने शोधू नका, बाजूला कॉम्प्रेसर चालू असतो. साबणाचं पाणी आणि ब्रश घ्या. धुराच्या रंगावरून निदान सांगायची हौस असेल तर जुन्या गाडीवर जरूर करा. बीएस-६ मध्ये फिल्टर काजळी अडवतो, तेव्हा धूर दिसत नाही म्हणून इंजिन ठीक, असं धरून चालू नका.

जाता जाता कागदाचं. अप्रेंटिसचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवला गेलाय का, हे पहिल्या महिन्यातच विचारा. नुसतं गॅरेजात राबलेलं वर्ष प्रमाणपत्रात धरत नाहीत.

काम मिटवताना

टर्बोचा पाइप काढला की तोंडात चिंधी कोंबायची, ही आपली जुनी खोड. मीही ती केलीय, आणि एकदा काढायला विसरलो. दुसऱ्याने पाइप लावला, तिसऱ्याने सेल्फ मारला. शिट्टीसारखा आवाज, मग खरखर. टर्बोची पंखुडी वाकली होती. तेव्हापासून मी तोंडाला बाहेरून झाकण बांधतो आणि आत काहीच घालत नाही. इंजिन चालू करण्याआधी पाने मोजतो. एक कमी असेल तर तो सापडेपर्यंत सेल्फ नाही.

आणि चाकाचे नट. टॉमीवर पाइप चढवून त्यावर उभं राहून आवळणं हा ताकदीचा खेळ झाला. कमी ताण राहिला तर चाक सुटतं, जास्त झाला तर स्टड ताणून तुटतो. टॉर्क रेंच घ्या, आकडा त्या गाडीच्या पुस्तकातला घ्या, आणि नट समोरासमोरचे घ्या, ओळीने नाही. काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात. नट सुटत नाही म्हणून आणखी जोर लावण्याआधी स्टडचं टोक बघा. चाकाच्या बैठकीवरचा रंग, गंज, चिखल खरवडून काढा, नाहीतर तो थर दबतो आणि आवळलेला नट आपोआप सैल होतो. म्हणूनच ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा आवळायचे असतात. ते ड्रायव्हरला तोंडी सांगा, आणि चिठ्ठी लिहून स्टेअरिंगला बांधा. घाटात उतरताना तो आपलं बोलणं विसरलेला असतो, चिठ्ठी समोर असते.